बाहेरचा आवाज शून्य

"आता काही येतंय का ऐकू, बाबा?"

भूषण टीव्हीच्या मागे गुडघ्यांवर बसला होता. एका हातात टीव्हीला जोडायची काडेपेटीएवढी काळी डबी, दुसऱ्या हातात वडिलांचा मोबाइल. सुखदेवराव ढोके समोरच्या खुर्चीत, फोटोला बसावं तसे ताठ बसले होते. दोन्ही कानांमागे ऐकण्याची नवी कोरी राखाडी मशिनं होती आणि त्यांतून निघालेली केसाएवढी वायर कानात गेली होती.

"कुकरची शिट्टी येते," ते म्हणाले. "टीव्ही नाई येत."

"थांबा, अजून पेअर झालं नाहीये."

मग कानात टुणटुण असं काहीतरी वाजलं आणि एकदम, कुणी डोक्याच्या आत बसून बोलावं तसा, समालोचकाचा आवाज सुरू झाला. पडद्यावर कबड्डीचा सामना चालला होता. चढाईला आलेला पोरगा रेषेवर वाकला आणि त्याचा दम सुखदेवरावांना ऐकू आला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. शब्दसुद्धा नीट नाही, नुसती धाप. बारा-पंधरा वर्षं टीव्हीवरची कबड्डी त्यांच्या लेखी मुक्या माणसांची झोंबाझोंबी होती. विशीत पुलगावच्या मैदानावर ते स्वतः चढाईला जात. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"बाबा? अहो बाबा, काय झालं?"

"काई नाई. चालू राहू दे." जरा वेळाने ते म्हणाले, "पण हा कुकर मधातच बोंबलून राह्यला."

"त्याला सोय आहे." भूषण मोबाइल घेऊन त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसला. "हे बघा. ही वरची रेघ म्हणजे टीव्हीचा आवाज. ही खालची म्हणजे बाहेरचा आवाज. टीव्ही चालू असताना घरातलं किती ऐकू यावं, ते आपण ठरवायचं. कुकर नको ना?"

"नको."

"मिक्सर?"

"तो बी नको. अन् तो वरच्या मजल्यावरचा फरशी कापणारा, तो त अजिबातच नको."

भूषण हसत हसत रेघेवरून बोट मागे ओढत गेला. "मग झिरोच करून टाकतो. आता फक्त तुम्ही आणि तुमची कबड्डी."

राधाबाई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या होत्या. पुण्यात येऊन बेचाळीस वर्षं झाली तरी त्यांच्या बोलण्यातली वर्धा गेली नव्हती. "अन् मी आवाज देला त?"

"आई, तू समोर येऊन हात हलव. दिसशील की त्यांना."

"एवढी वर्सं हातच हालवले, बाप्पा," असं म्हणून त्या आत गेल्या. पण त्याही हसत होत्या.

चिंचवडच्या एका फोर्जिंग कारखान्यात सुखदेवरावांनी एकतीस वर्षं हॅमरवर काढली होती. लालबुंद लोखंडावर दोन टनांचा घण पडायचा आणि तो आवाज कानांतून नाही, पायांतून वर चढायचा. सुरुवातीला ते कानात कापूस घालत. पुढे कापसाचीही गरज उरली नाही. आधी डावा कान गेला, निवृत्तीच्या आगेमागे उजवाही. बोपोडीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राधाबाई त्यांचे कान झाल्या. दाराची बेल, गॅसवाला, फोन, बँकेतल्या बाईचं बोलणं, सगळं त्या ऐकत आणि मग त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन ओरडत. ओरडून ओरडून त्यांचा आवाज फाटला. बुद्धविहारातल्या बायका त्यांना गमतीने लाउडस्पीकर म्हणत.

दिवाळीनंतर भूषणने ही मशिनं घेऊन दिली. हिंजवडीला तो सॉफ्टवेअरमध्ये होता, तिकडेच बायको-मुलीसह राहत होता. दर रविवारी यायचा आणि आल्या आल्या वडिलांचा मोबाइल हातात घ्यायचा. फोन आला की थेट कानात, टीव्ही थेट कानात, बॅटरी किती उरली तेही मोबाइलवर. आपण शिकलो त्याचा बापाला काही उपयोग झाला, हे त्याच्या तोंडावर दिसायचं. सुखदेवरावांना मशिनींपेक्षा ते तोंड बघायला जास्त आवडायचं.

चार महिने चांगले गेले. नात निकिता, सहा वर्षांची, आजोबांना शाळेतल्या लांबच लांब गोष्टी साध्या आवाजात सांगायला लागली. फोडणी तडतडते हे त्यांना नव्याने कळलं. एकदा राधाबाई नेहमीच्या सवयीने जेवायला बसा म्हणून ओरडल्या, तेव्हा ते कान झाकत म्हणाले, "अवं, हळू. बहिरा हाय का मी?" हसता हसता राधाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर त्यांचा आवाज हळूहळू खाली उतरला. दुपारी सुखदेवराव टीव्हीसमोर बसले की त्यांना आता काही समजावून सांगावं लागत नसे. टीव्हीचा स्पीकर बंद, आवाज फक्त त्यांच्या कानात. राधाबाई शांत घरात जरा आडव्या व्हायच्या.

मार्चमधल्या एका गुरुवारी दुपारी जुना सामना पुन्हा दाखवत होते. अडीचच्या सुमाराला राधाबाई पडदे धुवायला न्हाणीघरात गेल्या. जाताना काहीतरी म्हणाल्या. सुखदेवरावांना ओठ हलताना दिसले, त्यांनी मान डोलावली.

सामना शेवटच्या चढाईपर्यंत बरोबरीत होता. तो संपला तेव्हा ते पाणी प्यायला उठले. न्हाणीघराच्या दाराखालून साबणाचं पाणी बाहेर येऊन पॅसेजमध्ये पसरलं होतं. त्यांनी दार ढकललं.

राधाबाई नळाखाली एका कुशीवर पडल्या होत्या. डोकं भिंतीच्या कडेला टेकलेलं, हातात प्लास्टिकचा मग. डोळे उघडे होते. नवऱ्याला बघून त्यांचे ओठ हलायला लागले.

सुखदेवराव खाली बसले, कान त्यांच्या तोंडाशी नेला. आणि त्यांच्या दोन्ही कानांत, स्वच्छ, समालोचक सामनावीराचं नाव सांगत होता. राधाबाई बोलत होत्या. प्रेक्षक टाळ्या वाजवत होते. "काय? काय म्हणतं?" ते ओरडले. स्वतःचा आवाजही त्यांना ऐकू आला नाही. मशीन काढून टाकावं तर काहीच ऐकू येणार नाही, ठेवावं तर जाहिरात सुरू झाली होती. ते उठले, साबणात पाय घसरला, भिंतीला धरत बाहेरच्या खोलीत गेले, रिमोट सापडेना, तेव्हा भिंतीवरचं टीव्हीचं बटणच बंद केलं. ते परत आले तेव्हा नळ वाहताना ऐकू येत होता. बादली भरून सांडताना ऐकू येत होती. राधाबाईंचे ओठ थांबले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या गेल्या. डोक्यात रक्त साकळलं होतं. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, "पाऊण तास आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं."

समोरच्या फ्लॅटमधली ऋतिका हॉस्पिटलात आली होती. घरूनच काम करणारी, साधी मुलगी. ती रडत रडत भूषणला म्हणाली, "दादा, मावशींच्या हाका मला ऐकू आल्या होत्या. अहो, अहो, असं करत होत्या. काहीतरी आपटल्याचा पण आवाज येत होता. मला वाटलं, धुणं चाललंय, काकांना हाक मारतायत. मी मीटिंगमध्ये होते. मी यायला पाहिजे होतं."

भूषण वडिलांकडे वळला. "किती वेळ हाका मारत होती ती? बाबा, तुमच्या कानात मशीन नव्हतं का?"

सुखदेवरावांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं. दिवाळीनंतरचा तो रविवार त्यांना आठवला, खुर्चीच्या हातावर बसलेला हा पोरगा आणि रेघेवरून मागे जाणारं त्याचं बोट. अजून याच्या ते ध्यानात आलं नव्हतं. उद्या येईल, परवा येईल.

"नव्हतं," ते म्हणाले. "काढून ठेवलं होतं. चार्जिंगले."

"दुपारी? रात्री चार्ज करायचं असतं ते! किती वेळा सांगितलंय!" भूषणचा आवाज हॉस्पिटलच्या जिन्यात घुमला. लोक वळून बघायला लागले. "कशासाठी घेऊन दिलं मी? शोभेला? एक गोष्ट... एक गोष्ट तुम्हाला सांभाळता येत नाही!"

"चुकलं माझं," सुखदेवराव म्हणाले.

स्मशानातल्या वंदनेला, सातव्या दिवसाच्या पुण्यानुमोदनाला, भूषण त्यांच्याशेजारी बसला, पण बोलला नाही. बोपोडीच्या घराला कुलूप लावून त्याने वडिलांना हिंजवडीला नेलं, बाराव्या मजल्यावर, तेव्हाही त्यांची बॅग उचलली, औषधं नीट लावून ठेवली आणि न बोलता कामावर गेला. सून कल्याणी दोघांच्या मध्ये बोलत राहिली. भूषणचं न बोलणं सुखदेवरावांना सोसवत होतं. पोरगा बापावर रागावलाय, स्वतःवर नाही, एवढं त्यांना पुरत होतं.

त्यांना सोसवत नव्हतं ते वेगळंच. दिवसभर त्या परक्या खोलीत बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बहिरे असताना ते राधाबाईंना नजरेआड होऊ देत नसत. ऐकू येत नव्हतं म्हणून दर पाच-दहा मिनिटांनी उठून बघायचे. त्या न्हाणीघरात गेल्या तर दार लोटून घ्यायला सांगायचे, कडी लावू द्यायचे नाहीत, बाहेर फेऱ्या मारायचे. त्या वैतागायच्या. "जीव घ्याल का माया?" मशीन आलं आणि ते बघायचे थांबले. बहिरेपणी ती पडली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. आणि ओठ हलत होते ते काय म्हणत होते, हेही कुणाला विचारण्यासारखं नव्हतं. पाणी मागत होती? नळ बंद करा म्हणत होती? की नुसतंच अहो, अहो?

मेच्या मध्यावर कल्याणीच म्हणाली, "अहो, बाबांच्या मशीनला दाराची बेल जोडता येते का? दिवसभर एकटे असतात. आतल्या खोलीत असले की कुणी आलं तर कळतसुद्धा नाही त्यांना."

शनिवार होता. भूषण वडिलांचा मोबाइल घेऊन सोफ्यावर बसला. सुखदेवराव पलीकडे वर्तमानपत्र वाचत होते. दोन महिन्यांत पहिल्यांदा तो त्यांच्या इतक्या जवळ बसला होता. ॲप उघडून त्याने काहीतरी दाबलं, मागे गेला, पुन्हा दाबलं. मग त्याचा अंगठा थांबला.

सुखदेवरावांनी वर्तमानपत्रावरून नजर उचलली. मोबाइलच्या पडद्यावर निळे-हिरवे उभे दांडे दिसत होते, एकेका दिवसाचा एकेक. भूषणने एका दांड्यावर बोट ठेवलं. दांड्याच्या वर अक्षरं आली. ती त्याने दोनदा वाचली असावीत.

"हे काय आहे?" सुखदेवरावांनी विचारलं.

"लॉग आहे," भूषण म्हणाला. आवाज अगदी सरळ होता. "मशीन रोज किती तास कानात होतं. त्यातले किती तास टीव्ही." त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला. "हा तो गुरुवार. चौदा तास. टीव्ही तीन तास दहा मिनिटं."

स्वयंपाकघरात निकिता आईला कसली तरी कविता म्हणून दाखवत होती.

"बाबा, तुम्ही काढून ठेवलं नव्हतं."

सुखदेवरावांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"कानात होतं. चालू होतं. आणि मी बाहेरचा आवाज..." त्याने पडदा विझवला. "आईनं विचारलं होतं मला. मी आवाज दिला तर, असं विचारलं होतं. मी काय सांगितलं तिला? हात हलव."

"भूषण, तू काई केलं नाई. म्याच म्हटलं होतं, कुकर नको म्हणून."

"तुम्ही कुकर नको म्हणालात. झिरो मी केलं." त्याने मोबाइल टीपॉयवर पालथा ठेवला आणि उठून गॅलरीत गेला.

त्या दिवसापासून पोरगा खंगत गेला. जेवायला बसायचा आणि दोन घासांत उठायचा. ऑफिसची मीटिंग चालू असताना कॅमेरा बंद करून नुसता बसून राहायचा. निकिताने एकदा गंमत म्हणून मागून येऊन "अहो, अहो" अशी आजीची नक्कल केली, तर त्याने तिच्या थोबाडीत मारली, आयुष्यात पहिल्यांदा, आणि मग स्वतःच न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसला. कल्याणी सासऱ्यांपाशी आली. मशीन येण्याआधीपासूनच तिला त्यांच्या समोर बसून, ओठ दिसतील असं सावकाश बोलायची सवय होती.

"बाबा, ऑफिसातून आल्यावर ते तासभर खाली पार्किंगमध्ये गाडीतच बसतात. वॉचमननं मला सांगितलं. परवा मी खाली गेले तर स्टिअरिंगवर डोकं ठेवून... मला म्हणाले, मी आईचा आवाज म्यूट केला. मला भीती वाटते हो. तुम्ही काहीतरी बोला त्यांच्याशी."

सुखदेवरावांनी दोन दिवस विचार केला. तुझी चूक नाही, हे सांगून उपयोग नव्हता. ते सांगून झालं होतं. शेवटी रविवारी सकाळी ते भूषणच्या खोलीत गेले.

"एक सांगायचं होतं तुले. त्या मशिनीत मले ऐकूच येत नाई."

"काय?"

"आधीपासूनच. घरर घरर येते नुसतं. शब्द नाई येत. टीव्ही लावतो, चित्रं पाहतो. राधा बोले त ओठ पाहून समजत होतो."

"खोटं बोलताय." भूषण उठून बसला. "मग कबड्डी? दम ऐकू येतो म्हणून सांगत होतात सगळ्यांना."

"तू एवढ्या हौसेनं आणलं. कसं सांगू तुले? म्हणून हाव म्हणत गेलो. तू ते शून्यावर ठेव नाई त शंभरावर, मले तिचा आवाज आला नसता."

भूषण त्यांच्याकडे बघत राहिला. त्याचा विश्वास बसला नव्हता, पण तो बसावा असं त्याच्या सबंध तोंडावर लिहिलेलं होतं. मार्चमध्ये हॉस्पिटलच्या जिन्यात दिसलं होतं त्याहून ते तोंड दहा वर्षांनी म्हातारं झालं होतं.

"टेस्ट करू," तो म्हणाला. "भाग्यश्री मॅडमकडे. मशीन कानात ठेवून टेस्ट होते. मग कळेल."

"कर."

भाग्यश्री मॅडमचं क्लिनिक शिवाजीनगरला होतं. मशिनं त्यांनीच बसवून दिली होती. सुखदेवरावांना काचेच्या खोलीत बसवून त्यांनी हातात बटण दिलं. "काका, मागच्या वेळेसारखंच. पीप ऐकू आलं की दाबायचं. अगदी बारीक असलं तरी." काचेपलीकडे त्या आपल्या यंत्रामागे बसल्या. त्यांच्या मागच्या खुर्चीवर भूषण, पुढे झुकून, दोन्ही हात गुडघ्यांत दाबून बसला होता.

पहिला पीप आला. सुखदेवरावांनी अंगठा हलवला नाही.

दुसरा आला, थोडा मोठा. मग तिसरा. प्रत्येक आवाज त्यांना लख्ख ऐकू येत होता, दूर कुणीतरी वाटीला चमचा लावावा तसा. अंगठा आपोआप वळवळत होता. त्यांनी तो बटणाच्या कडेला घट्ट रोवून धरला. अगदीच कर्कश झाला तेव्हा एकदा दाबलं. ही खोली सोडली की घरी निकिता गोष्ट सांगायला येईल आणि आपल्याला काय, काय म्हणत तिच्या तोंडाकडे बघावं लागेल, हे त्यांच्या डोक्यात आलं. पोरगी चार दिवस ओरडून बघेल, मग कंटाळेल. पीप वाजला. त्यांनी दाबलं नाही.

मग शब्द. स्पीकरमधून मॅडम म्हणत, ते परत म्हणायचे.

"पाटी."

"माती."

"सकाळ."

ते थांबले. मान हलवली.

"पुस्तक."

"काय?"

काचेपलीकडे भूषणचे खांदे जरा खाली आले. ते सुखदेवरावांनी बघितलं.

भाग्यश्री मॅडमच्या कपाळावर मात्र आठ्या पडल्या होत्या. त्या आधीचा कागद आणि आजचा कागद शेजारी ठेवून बघत होत्या. मग उठून आत आल्या, जाड दार ओढून घेतलं आणि सुखदेवरावांच्या मागे उभं राहून उजव्या कानातलं मशीन काढून तपासायला लागल्या. कानात जाणारं टोक साफ केलं, पुन्हा बसवलं. त्यांच्या हाताला काम होतं, मन कागदात होतं. सहज, पुटपुटल्यासारखं त्या म्हणाल्या, "आज मावशी नाही आल्या तुमच्याबरोबर?"

सुखदेवराव समोर बघत राहिले. त्यांनी ओठ आवळून धरले. पण डोळे भरून आले आणि पाणी गालांवरून खाली आलं. ते पुसायला हात उचलला असता तर भूषणला दिसलं असतं. त्यांनी मान खाली घातली.

मागे मॅडमचे हात थांबले.

"कधी?" मॅडमनी तितक्याच हळू विचारलं.

"मार्चमधी."

"काका, तुम्हाला सगळं ऐकू येतंय."

"हाव." त्यांनी मान वर केली नाही. "न्हाणीत पडली होती. आवाज देत होती. माया कानात टीव्ही होता. बाहेरचं त्यानं बंद करून देलं होतं, माया सांगण्यावरून. आता त्याले वाटते, त्यानं मारलं आईले. पोरगं मरून राह्यलं माझं, मॅडम. ऐकू येत नाई, एवढं लिहा."

"असं नाही लिहिता येत मला."

"मंग आज म्या जेवढं दाबलं, तेवढंच लिहा."

मॅडमनी डाव्या कानातलं मशीनही काढलं, पुसलं, बसवलं आणि दार उघडून बाहेर गेल्या.

टेबलावर कागद पसरून त्यांनी भूषणला रेघ दाखवली. बोलताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही. "आजचा रिस्पॉन्स खूपच कमी आहे. एवढाच रिस्पॉन्स असेल, तर मशीनचा फारसा उपयोग होत नाही."

"मॅडम," भूषणने त्या रेघेवर बोट ठेवलं. "मार्चमध्ये... मार्चमध्येही असंच असेल?"

भाग्यश्री मॅडमनी पेनाचं टोपण लावलं, काढलं.

"असू शकेल," त्या म्हणाल्या.

"म्हणजे दुसऱ्या खोलीतून कुणी हाक मारली असती, तर..."

"तुमची आई गेल्याचं काका म्हणाले. मला फार वाईट वाटलं." त्यांनी कागदाची घडी घालून त्याच्या हातात दिली. "मशीन कानातच असू दे. सवय झालीये त्यांना."

परतताना गाडी विद्यापीठाच्या चौकातून बाणेर रस्त्याला लागली. सिग्नलला थांबल्यावर भूषणने वडिलांकडे न बघता, साध्या आवाजात हाक मारली, "बाबा."

सुखदेवराव खिडकीतून बाहेर बघत होते. ते वळले नाहीत.

"बाबा," तो पुन्हा म्हणाला.

सिग्नल सुटला. गाडी पुढे निघाली. आणि थोड्या वेळाने भूषण बोलायला लागला, समोरच्या रस्त्याकडे बघत, आधी हळू आणि मग, कुणाला ऐकू जाणार नाही अशा खात्रीने, मोठ्यानं. "आई, नसतं गं ऐकू आलं त्यांना. मी झिरो केलं नसतं तरी नसतं आलं. कागद आहे माझ्याकडे. आई, तू किती वेळ हाका मारत होतीस गं? किती वेळ?" तो रडायला लागला. गाडी त्याने बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि लहानपणी गुडघा फुटल्यावर रडायचा तसा, तोंड उघडं टाकून, हुंदके देत रडायला लागला.

सुखदेवरावांच्या दोन्ही कानांत ते रडणं येत होतं, मधल्या श्वासांसकट, नाक ओढल्यासकट. त्यांचा हात गुडघ्यावरून उचलला गेला होता. पोराच्या पाठीपर्यंत वीतभर अंतर होतं. त्यांनी तो हात पुन्हा गुडघ्यावर आणून ठेवला, दुसऱ्या हाताने दाबून धरला आणि मान खिडकीकडेच ठेवली.

बाहेर मेट्रोचे खांब होते. प्रत्येक खांबावर आकडा रंगवलेला होता. दिसत होते तेवढे आकडे ते वाचत राहिले.